भिजलेल्या भातावरील बुरशी व तिचें विष

कापलेल्या भाताचे कडपे शेतांत पडले असतां परतीचा पाऊस यावा, हा अनुभव अंबरनाथ-बदलापूर यांमधील चिखलोलीकडील शेतकऱ्यांस नवा नाहीं. अशा वेळीं निवडक भात घरीं ठेवावें आणि काळें पडलेलें, कुबट वासाचें गड्यामाणसांस मजुरीदाखल द्यावें किंवा गुरांस घालावें, अशाकडे सहज कल होतो. शिजविलें म्हणजे दोष जातो, असें त्याचें समर्थन करण्यांत येतें. तें आम्हांस मान्य नाहीं.

दाण्यावर वाढणारी ॲस्परजिलस जातीची हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न करते. शिजविल्यानें बुरशी मरते, परंतु विष पुरतेपणीं नष्ट होत नाहीं. दाणे पुसून वाळविले तरी तें आंत राहतेंच. त्याचा घाला यकृतावर पडतो. मात्रा मोठी असल्यास कावीळ व जलोदर होतो. थोडथोडें वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास यकृताचा कर्करोग होण्याची भीति असते.

१९७४ सालीं गुजरातेंतील पंचमहाल व राजस्थानांतील बांसवाडा या जिल्ह्यांत अवेळीं पावसानें मका भिजला. दुसरें धान्य नसल्यामुळें गरीब आदिवासी कुटुंबांनीं तोच कित्येक आठवडे खाल्ला. नोंद झालेल्या ३९७ रोग्यांपैकीं १०६ दगावले. त्या घरांतील कुत्रींही मेलीं. मक्यांत हें विष भातापेक्षां अधिक होतें हें खरें. म्हणून बुरसलेलें भात निर्दोष ठरत नाहीं.

आपल्याकडील घाटावरच्या शेतकऱ्यांस बाजरींतील अरगट ठाऊक आहे. त्यानें ओकारी, भोवळ व गुंगी येते. पण मिठाच्या दाट पाण्यांत बाजरी टाकली असतां अरगटाचे दाणे वर तरंगतात व काढून टाकतां येतात. अफ्लाटॉक्सिनास असा सोपा उपाय नाहीं. गुरांस घालावें, तर त्या विषाचा अंश दुधांत उतरतो व तें दूध आपलींच मुलें पितात.

तेव्हां खरा उपाय वाळवणाचाच. भिजलेल्या भाताची उडवी रचूं नये, त्याच दिवशीं पसरावें. झोडलेलें भात ताडपत्रीवर पातळ पसरून वरचेवर हलवावें. दाण्यांतील ओल शेंकडा १४ हून खालीं आल्यावांचून, आणि अधिक काळ ठेवावयाचें असल्यास १२-१३ वर आल्यावांचून, कणगींत भरूं नये. कणगी जमिनीपासून उंच फळ्यांवर व भिंतीपासून दूर असावी. बुरसलेलें भात निराळें काढून पुरावें, आणि त्या दिवसाची मजुरी रोख द्यावी.