पेण-रोह्यातील शेतीचे व्यवसायशिक्षण : कोठे, कशाचे आणि कोणासाठी?

दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींनी पुढे काय करावे असा प्रश्न निघाला की आपल्या घरांतून ठरलेली उत्तरे येतात : आयटीआय, नर्सिंग, हॉटेल व्यवस्थापन, नाही तर परदेशातील नोकरी. शेतीचे शिक्षण हे त्या यादीत सहसा नसतेच. शेती ही बापाने मुलाला करून दाखवायची गोष्ट, तिच्यासाठी वर्ग आणि प्रमाणपत्र कशाला, असा आपला समज आहे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांकडे पाहिले म्हणजे हा समज किती महाग पडू शकतो ते ध्यानात येते.

हे दोन्ही तालुके शेजारी असले तरी त्यांची भूमी सारखी नाही. पेणचा पश्चिमेकडील भाग खारेपाट म्हणून ओळखला जातो. खाडीच्या भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि आतल्या जमिनीवर पावसाळ्यात भात घ्यायचे, अशी तेथील शेती आहे. रोह्याची गोष्ट निराळी. तेथे कुंडलिका नदीचे खोरे आहे, आणि भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी नदीत येत असल्याने उन्हाळ्यातही तिला पाणी असते. त्यामुळे कालव्याखालील काही भागांत दुसरे पीक घेता येते. भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वालही होतो. हीच कुंडलिका पुढे रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी आपल्या वाचकांना परिचित असलेले कोर्लईचे ख्रिस्ती गाव आहे.

खारजमिनीचे व्यवस्थापन म्हणजे नेमके काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे; कारण पेणमध्ये शेतीचे शिक्षण येथूनच सुरू होते. पावसाचे पाणी मातीतील मीठ धुऊन खाली नेते. पाऊस संपला की उन्हाने वरचा थर सुकतो, खालचे खारट पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि पाणी उडून जाऊन मीठ पृष्ठभागावर राहते. म्हणून अशा जमिनीत पावसाळ्याचे एकच पीक सहज येते आणि तेही पहिल्या पावसाने जमीन पुरेशी धुतली गेल्यावर. बांधात ठेवलेली उघाडी, म्हणजे पाण्याचे दार, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते आणि भरतीला बाहेरचे आत येऊ देत नाही. ती एक फळी सडली किंवा बांधाला खांड पडली तर उधाणाचे पाणी शेतात शिरते. मग एका हंगामाचे पीक तर जातेच, शिवाय जमीन पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात.

पूर्वी कुलाबा जिल्ह्यात ही जबाबदारी शिलोत्री पद्धतीने वाटलेली असे. बांध राखणाऱ्यांना त्याबद्दल शेतकऱ्यांकडून भाताच्या रूपाने मोबदला मिळे. पुढे १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. बांधांचे काम शासनाच्या खारभूमी विभागाकडे गेले. त्याबरोबर गावकऱ्यांची सवयही मोडली, असे मला वाटते. बांध सरकारचा झाला की त्यातील खेकड्याचे बीळ बुजवणे हे कोणाचेच काम राहत नाही.

आणि आता या दुर्लक्षाची किंमत पूर्वीपेक्षा मोठी आहे. खारे पाणी शिरलेल्या शेतात काही वर्षांत तिवरे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि पुढे २०१८ च्या निकालाने कांदळवनांची तोड राज्यभर निषिद्ध झाली आहे. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते, मासळीचे पाळणाघर असते, म्हणून हा निर्णय योग्यच होय. परंतु ज्याच्या सातबाऱ्यावरील भातखाचरात तिवरे माजली, त्याला ती जमीन पुन्हा शेतीखाली आणणे अतिशय कठीण होऊन बसते. बांध वेळेवर दुरुस्त करणे आणि त्यासाठी कोणत्या कार्यालयात कसा अर्ज करावा हे जाणणे हासुद्धा म्हणूनच शेतीच्या शिक्षणाचा भाग धरला पाहिजे.

असे शिक्षण मिळते कोठे? डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ मध्ये दापोली येथे झाली. त्याच विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला येथे आहे. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आणि कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खारपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती पनवेलच्या केंद्राने दिल्या. कृषी विज्ञान केंद्रांची कल्पना देशात १९७४ मध्ये पुदुचेरी येथे प्रथम प्रत्यक्षात आली. हे नाव ऐकून पुष्कळांना ती प्रयोगशाळा वाटते किंवा पदवीधरांची जागा वाटते. वास्तविक या केंद्रांचा मूळ उद्देशच शेतकरी, शेतकरी स्त्रिया आणि शाळा सोडलेले तरुण यांना हाताने काम करवून शिकवणे हा आहे. तेथे जाण्यासाठी पदवी लागत नाही. केंद्राचे वर्ग काही दिवसांचे असतात आणि विषय हंगामाप्रमाणे ठरतात.

तेथे शिकण्यासारखी गोष्ट किती साधी असू शकते याचे एक उदाहरण देतो. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि भाताचे बियाणे त्यात टाकायचे. पोकळ व रोगट दाणे तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवायचे. खर्च काही रुपयांचा आणि वेळ अर्ध्या सकाळचा. तरीही घरोघरी हे केले जात नाही, कारण कोणी आपल्या देखत करून दाखवलेले नसते.

डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेतीही अशीच आहे. तुसाची राख आणि पेंढा पुन्हा शेतात वापरणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला खत म्हणून घालणे, दोरीने १५ आणि २५ सेंटीमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर लावणी करणे, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. खत वरून फेकले की पुष्कळसे पाण्याबरोबर वाहून जाते. खोल खोचले की मुळांपाशी राहते. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढे आणलेली सगुणा पद्धत तर चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळते. गादीवाफे एकदा करून त्यांवर बी टोकले जाते व मुळे जमिनीतच राहू दिली जातात. मजूर मिळत नाहीत, ही ज्यांची तक्रार आहे, त्यांनी ही पद्धत एकदा डोळ्यांनी पाहावी.

फळबागेत मात्र हातातले कसब अधिक लागते. आंब्याच्या कलमांची विद्या गोव्यात पोर्तुगीज काळात भरभराटीस आली आणि तीत येशूसंघीय धर्मगुरूंचा वाटा मोठा होता. आज कोकणात रोपवाटिकांतून कोयकलमे बांधली जातात. कोय रुजून दहा-पंधरा दिवसांचे कोवळे रोप झाले की ते छाटायचे, त्यात पाचरीसारखी तासलेली चांगल्या झाडाची काडी बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. पावसाळ्याची दमट हवा याला मानवते. हे पुस्तकातून येत नाही. पण ज्याच्या हाताला ते आले, त्याला स्वतःची एक गुंठाही जमीन नसताना रोपवाटिकेत मानाचे काम मिळते. हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रायगड जिल्ह्याचा समावेश आहे. मात्र येथील आंबा रत्नागिरीच्या मागून तयार होतो आणि मेअखेरच्या पावसात सापडण्याची भीती असते, हे बाग लावणाऱ्याने आधी समजून घ्यावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडमधील आंबा, नारळ व सुपारीच्या बागा कशा आडव्या केल्या तेही आपण पाहिले. तेव्हापासून मोडलेल्या झाडाची छाटणी व पुनरुज्जीवन हाही शिकण्याचा विषय झाला आहे.

ज्यांना अधिक काळ शिकायचे आहे त्यांच्यासाठी दहावीनंतर कृषी विद्यापीठांशी संलग्न विद्यालयांतील पदविका आहेत. माळी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही आहे. शहरातील उद्याने, गृहसंकुले आणि अलिबाग-मुरूडकडची विश्रामगृहे यांना माळ्यांची गरज सतत असते. घर-शेती सांभाळून शिकणाऱ्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी अभ्यासक्रम मराठीतून घेता येतात.

आता कोणासाठी, हा कठीण प्रश्न. पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यात कातकरी आणि ठाकर बांधवांच्या वाड्या आहेत. त्यांतील कित्येक कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर वा कोळसा पाडण्यासाठी बाहेर जातात. शेतीच्या बहुतेक योजना सातबाऱ्यापासून सुरू होतात आणि सातबारा तर यांच्यापाशी नाही. इंग्रज अमलात वनजमिनीवर गटाने कसण्यासाठी दिलेल्या दळी जमिनी कसणाऱ्यांची अवस्था तशीच होती; २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना दाव्याचा मार्ग खुला केला. ज्याच्या पायाखालची जमीन त्याच्या नावावर नाही, त्याला दहा वर्षांनी फळ देणाऱ्या झाडाचे शिक्षण देणे ही थट्टाच ठरेल. त्यामुळे अशा वाड्यांत प्रशिक्षण घ्यायचे तर दाव्याच्या कागदांचे साहाय्य आणि कलम बांधण्याचा वर्ग ही दोन्ही कामे बरोबरच चालली पाहिजेत. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट क्षेत्र विकासाचे जे काम उभे केले, त्यात गावाने श्रमदान करायचे व निर्णयही गावानेच घ्यायचा, यावर भर होता. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ मध्ये शेतकरी हाच आपल्या उन्नतीचा मुख्य कर्ता असावा असे म्हटले होते, त्याचा व्यवहारातील अर्थ हाच.

स्त्रियांचेही तसेच आहे. लावणी, बेणणी, बियाणे निवडणे ही कामे त्यांची. पण उताऱ्यावर नाव नवऱ्याचे, म्हणून वर्गाला नवरा जातो. तो परत येऊन काय सांगतो ते देव जाणे.

ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांना मोह विकण्याचा आहे. वसईच्या वाड्यांचे काय झाले हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पेणमध्ये २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांतील शेतकऱ्यांचे मत शासनाने घेतले होते. भूसंपादनाविरुद्ध तेथे मोठी चळवळ झाली. जमीन राखण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या पिढीची मुले आता मोठी झाली आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांना चिखलणी जमत नाही. खारेपाटात शेततळ्यात जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे. भाताला जोड म्हणून तिचा शास्त्रीय अभ्यास केला तर एखादा तरी मुलगा कारखान्याच्या कंत्राटी कामाऐवजी घरच्या शेताचा विचार करील.

ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांनी प्रथम मातीची तपासणी करून घ्यावी. पीक निघाल्यावर आणि खत घालण्यापूर्वी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे खड्डे घ्यावेत आणि त्यांच्या कडेची माती खुरप्याने काढावी. बांधाजवळची, झाडाखालची वा शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये. सर्व माती एकत्र करून सावलीत वाळवावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि असे करीत सुमारे अर्धा किलो उरली की स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. पिशवीत नाव, गाव, गट क्रमांक आणि मागील पीक लिहिलेली चिठ्ठी घालावी. खारेपाटातील शेतकऱ्याने क्षारांचे प्रमाण आवर्जून तपासून मागावे.