झ्विकाउचे ऑगस्ट हॉर्ख संग्रहालय

जर्मनीच्या साक्सनी प्रांतातील झ्विकाउ नगरीत, जुन्या आउडी कारखान्याच्याच इमारतींत वसलेल्या ऑगस्ट हॉर्ख संग्रहालयात जाणारे बहुतेक प्रेक्षक १९३०च्या दशकातील ऐश्वर्यसंपन्न हॉर्ख मोटारींपाशी रेंगाळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु शौकिनांना माझी शिफारस आहे ती ट्राबांटची. पूर्व जर्मनीत पोलादी पत्र्याची चणचण असल्यामुळे या गाडीचा सांगाडा तेवढा पोलादी ठेवून, वरचे आवरण कापसाच्या टाकाऊ तंतूंत फिनॉलची राळ मिसळून व तो थर तप्त दाबयंत्रात घट्ट दाबून सिद्ध केले जाई; त्याला गंज चढत नसे (सांगाडा मात्र खुशाल गंजे!). ६०१ या प्रकारच्या गाडीचे झाकण उघडे असेल तर अवश्य डोकवावे: दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, अवघ्या २६ अश्वशक्तीचे इंजिन, आणि इंधन आपल्याच भाराने खाली उतरावे, पंपाची गरजच उरू नये, म्हणून त्याच्याही वर बसवलेली पेट्रोलची टाकी. तीत तेल मिसळावे लागे, आणि साठा किती उरला हे पट्टी बुडवून पाहावे लागे. अशा या वाहनासाठी अर्ज गुदरून लोक दहा-दहा वर्षे तिष्ठत, आणि १९५७ ते १९९१ या काळात ३० लाखांहून अधिक ट्राबांट याच शहरातून बाहेर पडल्या.