रक्तांतून वाहणारें बीं

रुईचें फळ उन्हानें तडकलें म्हणजे आंतील म्हाताऱ्या वाऱ्यावर उडून कोठल्या कोठें जातात, हें तेल्हाऱ्याच्या शिवारांत हिंडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहिलेंच असेल. त्यांतील बहुतेक धोंड्यावर, रस्त्यावर पडून वाळतात. एखादीच ओल धरून रुजते. यकृताचा कर्करोग शरीरांत पसरतो तो बराचसा याच रीतीनें.

आंतड्यांकडील रक्त यकृतांत येतें व तेथून हृदयाच्या उजव्या भागांतून थेट फुफ्फुसांत जातें. यकृतांतील गांठीपासून सुटलेल्या पेशी या प्रवाहांत सांपडतात. म्हणूनच यकृताबाहेर हा रोग बहुधा प्रथम फुफ्फुसांत दिसूं लागतो. गांठ कापून काढिल्यावरहि पुष्कळ रोग्यांत ती पुन्हा उद्भवते, त्याचें एक कारण हेंच कीं, शस्त्रक्रियेपूर्वींच कांहीं पेशी निघून गेलेल्या असतात.

रक्तांतील अशा पेशींचें वर्णन ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅश्वर्थ नांवाच्या वैद्यानें १८६९ सालींच केलें होतें. पुढें १८८९ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, बीं चोहोंकडे जातें, परंतु उगवतें तें मानवेल त्या जमिनींतच. वऱ्हाडांतील शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको!

या पेशी शोधणें मात्र महाकठीण. एक घन सेंटिमीटर रक्तांत सुमारें ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. त्यांत रोगाची पेशी असलीच तर एखाददुसरी. प्रवाहाच्या ओढीनें व पांढऱ्या पेशींच्या माऱ्यानें त्यांतील बहुतेक मरतात. झुबक्यानें फिरणाऱ्या अधिक तग धरतात. कांहीं कर्करोगांत पेशींवरील एक विशिष्ट प्रथिन हेरून, लोहचुंबकी कणांच्या साहाय्यानें त्या वेगळ्या काढितां येतात. परंतु यकृताच्या पुष्कळशा रोगपेशींवर तें प्रथिन नसतेंच, आणि त्या हातून निसटतात.

मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं आपल्या देशांतील कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घातला. यकृताच्या कर्करोगाचें एक मोठें मूळ म्हणजे ‘बी’ प्रकारच्या काविळीचा विषाणु होय. तो प्रसूतीच्या वेळीं आईकडून बालकास लागूं शकतो. म्हणून त्याची पहिली लस जन्मानंतर २४ तासांच्या आंत टोंचतात. तैवान बेटांत १९८४ पासून ही लस अर्भकांस देऊं लागले, आणि तेथील मुलांतील यकृताचा कर्करोग पुष्कळच कमी झाला.