संपाच्या हक्कासाठी उभा राहिलेला मजूर पक्ष

चार कामगार संहिता लागू झाल्या आणि संपाच्या हक्कावरून पुन्हा वाद पेटला. चौदा दिवस आधी नोटीस द्या, समेटाची बोलणी चालू असताना काम थांबवू नका, नाहीतर दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद. मुंबईला हे नवे नाही. १९३८ साली बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने आणलेल्या औद्योगिक तंटा विधेयकाचा रोख हाच होता. त्याच्याशी विधिमंडळात आणि रस्त्यावर नेटाने झुंजलेला पक्ष जेमतेम सहा वर्षे टिकला. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष.

ऑगस्ट १९३६मध्ये स्थापना आणि १९३७च्या निवडणुकीत १७पैकी १४ उमेदवार विजयी! खुद्द बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना उतरवले होते. महाडच्या लढ्यातले सवर्ण सोबती अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीसही याच पक्षाचे आमदार. त्याच वर्षी खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी पद्धत, रद्द करण्याचे विधेयक मांडले गेले आणि जानेवारी १९३८मध्ये कोकणातली कुळे मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर धडकली.

पण या पक्षाचे मोल कळते ते गिरणीच्या विणाई खात्यात. सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी मागाच्या धोट्यात घाली आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढी. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असे म्हणत सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना हे खातेच बंद करून टाकले होते. आणि पगार चांगला तो याच खात्यात. १९२८च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९२९च्या संपाला तर त्यांनी विरोध केला. तेच आंबेडकर नऊ वर्षांनी कम्युनिस्ट पुढारी डांग्यांच्या खांद्याला खांदा लावून संपाच्या हक्कासाठी उभे राहिले. मला ही घटना महाराष्ट्राच्या राजकारणातली फार मोठी वाटते.

विधिमंडळातला त्यांचा युक्तिवाद आजही बिनतोड आहे. नोकरीचा करार मोडणे हा फार तर दिवाणी मामला. त्यासाठी तुरुंग दाखवणे म्हणजे माणसाला इच्छेविरुद्ध राबवणे, म्हणजेच गुलामी. ७ नोव्हेंबर १९३८ला संप झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. विधेयक मात्र मंजूर झाले.

पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४२च्या ब्रिटिश सरकारच्या क्रिप्स योजनेत वाटाघाटी जमातींशी होत्या, मजुरांच्या पक्षाला तिथे जागा नव्हती. जुलैमध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले आणि मजूर पक्ष मागे पडला. बाबासाहेबांपुढे दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. तरीही कुळे, गिरणी कामगार आणि दलित यांना एका झेंड्याखाली आणणारी ती जागा रिकामी झाली, ती आजवर भरलेली नाही.

संपाच्या हक्कावरचे आंबेडकरांचे विधिमंडळातले ते भाषण महाराष्ट्र शासनाने छापलेल्या आंबेडकर वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडात आहे. संहितांविरुद्ध सभा घेणाऱ्या संघटनांनी त्याची मराठी पुस्तिका काढून चाकण, बुटीबोरी, वाळूजच्या कारखान्यांच्या गेटवर वाटावी. कंत्राटी कामगारांना आधी.