बंदिवासातील माकडांचा आहार, आतड्यांतील सूक्ष्मजंतू व वनात पुनःप्रवेश

ठाणे शहरास लागून असलेल्या येऊरच्या टेकड्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतात. येथे माकडे व वानरे ही दोन्ही आढळतात आणि शनिवारी केळी, चणे घेऊन येणाऱ्या भाविकांशी त्यांचा परिचयही जुना आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली यांसारख्या दाट वस्तीच्या शहरांत कोणाच्या घरातून वा मदाऱ्याच्या हातून एखादे माकड सोडविले गेले, तर त्यास जवळच्या रानात नेऊन सोडावे, असा विचार सहजच सुचतो. माकडांचे खेळ करण्यास १९९८ सालापासून बंदी आहे. परंतु दोरी सुटली म्हणजे प्राणी रानचा झाला काय, हा प्रश्न कायद्याचा नसून शरीरविज्ञानाचा आहे.

प्रथम माकड व वानर यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. माकडाच्या गालांत पिशव्या असतात व त्याचे जठर साधे असते. तंतुमय अन्नाचे विघटन मुख्यतः मोठ्या आतड्यात होते. वानरास गालपिशव्या नसतात, पण त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असते. तेथे सूक्ष्मजंतू पाला आंबवितात आणि त्यातून निर्माण होणाऱ्या लघु मेदाम्लांवर प्राण्याचे बरेचसे पोषण होते. वानर रवंथ करीत नाही. तरीही त्याचे पचन गाईच्या पचनाशी साम्य दाखविते, हे १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. म्हणूनच गोड फळे, पाव व बिस्किटे यांचा अतिरेक वानरास अधिक घातक होय. साखर झपाट्याने आंबते, जठरात आम्ल साचते आणि पाला पचविणारे जंतू मागे पडतात.

बंदिवासाचा परिणाम कोणता होतो? व्हिएतनाममधील पानभक्षी डूक वानर व अमेरिकेतील हाउलर माकड यांच्यावरील अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त प्राण्यांच्या आतड्यांतील मूळच्या जंतूंचे वैविध्य घटलेले दिसले व त्यांची घडण आधुनिक मानवाच्या जंतुसमूहाकडे झुकलेली आढळली. अर्धबंदिस्त डूक या दोहोंच्या मध्ये होते. आहारातील वनस्पती-तंतूंची घट हे याचे एक संभाव्य कारण मानले गेले.

जंतू केवळ अन्नातूनच येतात असे नाही. केनियातील अंबोसेली येथील बबून माकडांत, परस्परांचे केस विंचरणाऱ्या प्राण्यांचे जंतुसमूह अधिक सारखे असतात, असे २०१५ साली दिसून आले. तेव्हा एकाकी ठेवलेले माकड अन्नाबरोबरच आपल्या जातीकडून मिळणाऱ्या जंतूंनाही मुकते, असे अनुमान करण्यास जागा आहे.

यावरून काही व्यवहार्य निष्कर्ष निघतात. सोडण्यापूर्वी शिजविलेले व गोड अन्न हळूहळू कमी करून, ज्या रानात सोडावयाचे तेथील पाला, कोवळे कोंब, उंबरासारखी फळे क्रमाने द्यावीत. बदल एकाएकी करू नये. स्वजातीयांची संगत आधीच घडवावी. क्षयासारखे मानवी रोग व औषधांना न जुमानणारे जंतू रानात जाऊ नयेत, म्हणून विलग ठेवून तपासणी करावी. सोडल्यावर विष्ठेची परीक्षा चालू ठेवावी.

अन्यथा पाला पचविता न येणारे भुकेले माकड पुन्हा वस्तीकडेच वळेल, आणि आपण त्यास उपद्रवी ठरवू. तो दोष माकडाचा नसेल. त्याच्या पोटाची तयारी न करता त्यास रानात धाडणाऱ्यांचा असेल.