घुमा, आळशी की वेगळा?

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि लग्नसराईही तेव्हाच ऐन भरात असते. मांडव, डीजे, गर्दी, अत्तराचा वास. अशा लग्नातून पंचविशीतला मुलगा न जेवताच निघून गेला, की नातेवाइकांचा निकाल ठरलेला: पोरगा घुमा आहे, आईबापानं लाडावून ठेवलाय. तो ऑटिस्टिक आहे असे सांगितले, की निकाल थेट दुसऱ्या टोकाला जातो: मग त्याला काय कळणार, त्याचं सगळं तुम्हीच ठरवा.

दोन्ही निकाल घाईचे आहेत.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द रूढ झाला, पण तो फसवा आहे; जणू माणूस स्वतःतच रमलेला असतो. प्रत्यक्षात अनेकांना बाहेरचे जग जास्तच जाणवते. ट्यूबलाइटची घरघर, शर्टाच्या लेबलचा स्पर्श त्यांचा मेंदू सहजी मागे सारत नाही. दुसरी अडचण तर दिसतही नाही. वीजबिल भरायचे हे माहीत असते, पैसेही असतात. पण हातातले काम थांबवून दुसरे सुरू करणे, त्याचे टप्पे लावणे इथे गाडी अडते. घरचे याला आळस म्हणतात.

अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातला पहिला मुलगा, मिसिसिपीतला डोनाल्ड ट्रिपलेट, काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता. त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली सांगायला लावली; मक्याच्या ओळी मोजत बसायचा, तर नांगरता नांगरता मोज म्हणाले. पुढे तो पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, २७ व्या वर्षी गाडी शिकला, एकट्याने परदेश फिरला. लग्न केले नाही. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. घरची सुबत्ता होती आणि बँकही आजोळच्या नात्यातली, हे खरेच. पण गावाने त्याला त्याच्या रीतीने जगू दिले, हेही तितकेच खरे.

लग्न न करणे, रोज तोच वरणभात खाणे, रविवारी कुणाकडे न जाणे ही आवड झाली. त्यात कुणाचे नुकसान नाही. उसने पैसे बुडवणे, कुणावर हात टाकणे ही वेगळी गोष्ट. तिथे ऑटिझम ही सबब होत नाही. मात्र नियम नीट सांगितला होता का, हे आधी विचारावे. ‘जरा समजून वाग’ यातून काहीच कळत नाही. ‘दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे दे’ हे कळते.

अठरा वर्षे पूर्ण झाली की प्रश्न आणखी अवघड होतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) वर्षानुवर्षे एकच मागणी करत आले: अठरा पूर्ण झाली म्हणून या मुलांना आश्रमाबाहेर काढू नका. तिथली सगळी मुले ऑटिस्टिक नाहीत, पण वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कुणी एकदम स्वावलंबी होत नाही, हे दोघांनाही लागू आहे.

घरातल्या मुलाबाबत उलटे घडते. अठरानंतरही आईवडीलच सही करतात, तेच नोकरी ठरवतात. कायद्याने मात्र तो सज्ञान असतो आणि पालकत्व आपोआप चालू राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार त्यासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. अमरावती असो वा अकोला, जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती या समितीत असतात. पालक हवाच का आणि हवा तर कोणत्या कामांसाठी, हे समितीने तपासायचे असते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही मर्यादित पालकत्व सांगतो: ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. म्हणजे बँकेच्या कर्जाच्या कागदावर मदत घेणारा मुलगा आपली खोली कशी लावायची, कुणाशी बोलायचे, हे स्वतःच ठरवू शकतो. अर्ज भरताना आधी त्याला विचारायला हवे. बोलून सांगता येत नसेल, तर लिहून किंवा चित्रांवर बोट ठेवून सांगू द्यावे.