प्रेशर वॉशर आणि फोम कसा निवडायचा? लाल मातीतला एक छोटा प्रयोग

संशोधन प्रस्ताव लिहिताना मार्गदर्शक एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतात: प्रश्न नेमका करा. म्हणजे नक्की काय करायचं, हे बऱ्याच जणांना कळत नाही. म्हणून आज एक घरगुती प्रश्न घेऊ. गाडी धुवायला कुठला प्रेशर वॉशर आणि कुठला फोम घ्यावा?

हा प्रश्न असाच ठेवला तर त्याला उत्तर नाही. कुठली घाण, कुठल्या पृष्ठभागावर, किती पाण्यात, आणि "स्वच्छ" कशाला म्हणायचं, हे चार तपशील त्यात नाहीत. ते भरायला एक जागा ठरवू: सिंधुदुर्गातलं पिंगुळी. कुडाळला लागून, मुंबई-गोवा महामार्गाजवळ. पिंगुळी म्हटलं की चित्रकथी आठवते, पण आज आपल्याला तिथली लाल माती हवी आहे.

आधी घाण ओळखा

या भागातल्या गाडीवर मुख्यतः दोन प्रकारची घाण बसते. एक म्हणजे जांभ्याची लाल माती. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. तिच्यात खरखरीत कण असतात, तसेच २ मायक्रॉनपेक्षा बारीक चिकणमातीचे कणही असतात. दुसरी घाण म्हणजे मीठ. मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गाडी फिरवून आणली की खारा वारा आणि ओली वाळू गाडीच्या पोटाखाली जाऊन बसते.

या दोघींचा उपाय एक नाही. मीठ पाण्यात सहज विरघळतं. १०० मिली पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम. त्याला फोम लागत नाही, भरपूर साधं पाणी आणि खालपर्यंत पोचणारा पाइप लागतो. माती मात्र विरघळत नाही, ती सोडवावी लागते. म्हणजे "फोम चांगला का?" याचं उत्तर मिठासाठी वेगळं आणि मातीसाठी वेगळं. संशोधनात आपण नमुना आधी का ठरवतो, ते इथे दिसतं.

खोक्यावरचे आकडे तपासा

प्रेशर वॉशरच्या खोक्यावर तीन आकडे असतात: वॉट, बार आणि मिनिटाला लिटर. दुकानात सगळे बारबद्दल बोलतात. पण हे तीन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. पाण्याला मिळणारी शक्ती काढायची तर बार गुणिले लिटर, भागिले ०.६. उत्तर वॉटमध्ये येतं.

समजा खोक्यावर लिहिलंय: १५०० वॉट, १५० बार, ८ लिटर. गुणाकार १२००, भागिले ०.६ म्हणजे २००० वॉट. मोटर विजेकडून १५०० घेते आणि पाण्याला २००० देते? शक्य नाही. आकडे खोटेच असतील असं नाही. कमाल दाब एका स्थितीत मोजलेला असतो आणि कमाल प्रवाह दुसऱ्या. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. म्हणून "कमाल" सोडून "कार्यरत" किंवा "रेटेड" आकडे शोधा. १०० बार आणि ६ लिटर असेल तर १००० वॉट येतात. १५०० वॉटच्या मोटरला हे पटण्यासारखं आहे.

शोधनिबंध वाचतानाही हेच करायचं. तक्त्यातले दोन आकडे घेऊन तिसरा स्वतः काढून बघायचा.

दाब नव्हे, रंगावर पडणारा धक्का

१०० बारला पाणी नोझलमधून सेकंदाला सुमारे १४० मीटर वेगाने निघतं. मिनिटाला ६ लिटर असेल तर एकूण धक्का साधारण १४ न्यूटन, म्हणजे दीड किलोच्या थोड्या आत वजन ठेवल्याइतका. प्रवाह तोच ठेवून बार दुप्पट केले तर धक्का दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो.

खरा फरक पडतो तो हा धक्का किती जागेवर पसरतो त्याने. २५ अंशाच्या नोझलचा पंखा १० सेंटिमीटरवर साधारण साडेचार सेंटिमीटर रुंद असतो, ३० सेंटिमीटरवर तेरा. म्हणजे कोन आणि अंतर न सांगता केलेली बारची तुलना अर्धवट आहे. गाडीच्या रंगासाठी २५ किंवा ४० अंशाचं नोझल आणि फूटभर अंतर पुरे. शून्य अंशाची सरळ धार रंगावर, टायरच्या कडेवर आणि रबरी पट्ट्यांवर अजिबात मारू नये.

फोम नेमकं काय करतो?

१९५९ मध्ये हेंकेल या जर्मन कंपनीतले हर्बर्ट सिनर यांनी सफाईचे चार घटक मांडले: रसायन, यांत्रिक जोर, तापमान आणि वेळ. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. याला सिनरचं वर्तुळ म्हणतात.

पृष्ठभागाला अगदी चिकटून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. बारीक मातीचे कण त्या थरात लपतात. म्हणून नुसत्या धारेने धुतलेली गाडी सुकल्यावर तांबूस दिसते. साबणाचे रेणू कणाची पकड सैल करतात, आणि फेसामुळे ते द्रावण उभ्या दारावरही थोडा वेळ टिकतं. फेस जाड म्हणजे सफाई जास्त, असं मात्र नाही.

मग फोमचा मुख्य फायदा कुठला? हाताने पुसण्याआधी खरखरीत कण निघून जाणं. मातीतल्या वाळूची, म्हणजे क्वार्ट्झची, कठीणता मोह्झ मापावर ७ आहे. काचेपेक्षाही जास्त. अशा कणांवर फडका फिरवला की रंगावरच्या पारदर्शक थरावर गोल गोल चरे पडतात.

मात्राही मोजा. १ लिटरच्या फोम बाटलीत १०० मिली शाम्पू टाकला, म्हणजे गाडीवर १० टक्के गेला असं नाही. बाटली ३ मिनिटांत संपली आणि यंत्र मिनिटाला ६ लिटर देत असेल, तर १९ लिटरमध्ये १०० मिली, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. फोम पातळ येतो म्हणून शाम्पू बदलण्याआधी हा हिशेब करा. कमी प्रवाहाच्या यंत्राला फोम कॅननमध्ये १.१ मिलिमीटर छिद्राचं नोझल सहसा जास्त मानवतं.

आता प्रयोग

बॉनेटच्या मधोमध टेपची पट्टी लावा. एका बाजूला फोम मारून ५ मिनिटं थांबा आणि धुवा. दुसऱ्या बाजूला नुसतं धुवा. फोमची बाजू स्वच्छ निघाली. सिद्ध झालं?

नाही. फोमच्या बाजूला माती ५ मिनिटं भिजली, दुसऱ्या बाजूला भिजलीच नाही. तुम्ही फोम मोजला की भिजण्याचा वेळ? सिनरच्या चारांपैकी दोन घटक एकदम बदलले. म्हणून दुसरी बाजूही साध्या पाण्याने ५ मिनिटं ओली ठेवायची आणि मग धुवायची. नोझल, अंतर आणि धुण्याचे सेकंद दोन्हीकडे सारखे. हा खरा नियंत्रण गट.

नंतर दोन्ही बाजू सारख्या पांढऱ्या फडक्याने एकेकदा पुसा आणि फडकी अशा माणसाला दाखवा ज्याला कुठलं कुठल्या बाजूचं हे माहीत नाही. फोमची बाजू दर वेळी नाणं उडवून ठरवा आणि हे निदान पाच-सहा धुण्यांत करा. एकदाच केलं तर तो किस्सा होतो, निष्कर्ष नाही. प्रयोग सावलीत करा, फोम रंगावर सुकू देऊ नका.

मग घ्यायचं काय?

घरच्या एका गाडीसाठी: ८० ते १०० बार कार्यरत दाब, मिनिटाला ६ लिटरच्या आसपास प्रवाह, पाणी आत येतं तिथे गाळणी, २५ किंवा ४० अंशाचं नोझल आणि उदासीन सामूचा शाम्पू. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर लक्षात ठेवा, १० मीटर उंचीला साधारण १ बार मिळतो, ४ मीटरला ०.४. यंत्राला आत किती दाब लागतो किंवा ते स्वतः पाणी खेचतं का, हे आधी विचारा. १५०० वॉटला २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर लागतात, म्हणून बारीक वायरचा लांब एक्स्टेंशन बोर्ड नको. जास्त बारसाठी जादा पैसे देण्यापेक्षा ते चांगल्या पाइपवर आणि गाळणीवर घाला.

आता तुमचा स्वतःचा प्रस्ताव काढा आणि एक प्रश्न विचारा: माझ्या तुलनेत दुसरी बाजूही तितकाच वेळ भिजली आहे का?